पहिला प्रोब कुणाच्या पोटावर? – गर्भवतींच्या सोनोग्राफीचं सिम्युलेटरवरचं शिक्षण आणि आपलं सोलापूर

भुईकोट

मी सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मागच्या महिन्यात दोन दिवस सिम्युलेटरवर, म्हणजे बाईच्या ऐवजी पुतळ्यावर, सोनोग्राफी शिकून आले आणि आता राहवत नाही.

आधी एक जुनी गोष्ट. मी रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. चौतीस आठवड्यांची एक बाई टेबलावर होती, विड्या वळणारी. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली. मॅडमनी सोनोग्राफीचा प्रोब, पोटावर फिरवतात तो, माझ्या हातात दिला आणि त्यांना लेबर रूममधून बोलावणं आलं म्हणून त्या गेल्या. मला बाळाच्या पोटाचा घेर मोजायचा होता. सरळ आडवा छेद, म्हणजे पडद्यावर दिसणारा काप, काही मिळेना. जठराचा काळा ठिपका आला की मूत्रपिंड पण दिसायचं, म्हणजे फार खाली. वर सरकलं की हृदय. प्रोब कलवायच्या ऐवजी मी दाबत गेले, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. बाई गप्प होती. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. "बाई, डोळ्यापुढं अंधारी येतीय," एवढंच म्हणाली. इतका वेळ उताणं ठेवल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि रक्तदाब कोसळतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण माझं लक्ष पडद्यावर होतं, तिच्याकडे नव्हतं. सिस्टरनी धावत येऊन तिला डाव्या कुशीवर वळवलं, दोन मिनिटांत ती सावरली. आणि उठताना मलाच विचारलं, "झालं का तुमचं? नसंल तर पुन्यांदा झोपते."

माझं शिक्षण तिच्या जिवावर चाललं होतं आणि तिला ते कुणी सांगितलंही नव्हतं. तिचं ते वाक्य आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

आता सिम्युलेटरबद्दल. टेबलावर बाईच्या धडाचा रबरी पुतळा असतो. हातातला प्रोब खऱ्यासारखाच, पण त्यातून ध्वनिलहरी निघत नाहीत. आत एक सेन्सर असतो. प्रोब कुठं आहे, किती कललाय, किती फिरलाय, हे तो क्षणोक्षणी संगणकाला सांगत राहतो. संगणकात खऱ्या गर्भवतींच्या त्रिमितीय सोनोग्राफीचा साठा असतो. सुरीचा कोन बदलला की कलिंगडाची फोड बदलते, तसा तुमचा हात हलेल त्याप्रमाणे त्या साठ्यातला तेवढाच काप पडद्यावर उमटतो. योनीमार्गातून करायच्या तपासणीच्या काही यंत्रांत प्रोबच्या मागं मोटरचा दांडा असतो. जास्त रेटलं तर तो हाताला उलटा रेटतो, म्हणजे किती जोर लावतोय हे हातालाच कळतं.

मी एवढी वर्षं पोटाचा घेर मोजतेय. तिथं यंत्रानं माझा पहिला छेद नाकारला. पडद्यावर एका बाजूला तीन बरगड्या दिसत होत्या आणि दुसऱ्या बाजूला एक. म्हणजे छेद तिरका होता. तिरक्या छेदात वर्तुळाचं अंडं होतं, घेर जास्त भरतो आणि बाळाचं वजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. सुकलेलं बाळ त्यात "नॉर्मल" म्हणून सुटून जाऊ शकतं. मनगट अगदी थोडं वळवलं. दोन्हीकडे सारख्या बरगड्या, मागं कणा, जठर, आणि यकृतात शिरून वळणारी नाळेची शीर. तेव्हा यंत्रानं हो म्हटलं. मग तेच पुन्हा, वेगळ्या बाळावर, वेगळ्या स्थितीत, दुपारपर्यंत तीसेक वेळा. टेबलावर कुणी कण्हत नव्हतं, कुणाला चक्कर येत नव्हती.

मला इथल्या डॉक्टरांना विचारायचंय, आणि जे डॉक्टर नाहीत त्यांनाही. सोलापुरात असं काही उभं करता येईल का? दरवेळी पुण्या-मुंबईची वारी न करता?

---

शेंगाचटणी

डॉक्टर, मी साधी गृहिणी. माझ्या मुलीला पाचवा महिना चालू आहे म्हणून हा धागा उघडला आणि तुमची ती गोष्ट वाचून पोटात कालवलं. त्या बाईच्या जागी तिलाच बघितलं मी.

एक विचारते, राग मानू नका. रबराच्या पोटावर शिकलेला डॉक्टर खऱ्या पोटावर घाबरणार नाही का? आमच्या वडिलांचे चार माग होते, चादरीचे. नवा पोरगा आला की वडील त्याला पहिले काही आठवडे एका जुन्या मागावर तुटलेले धागे बांधायला बसवायचे. नक्षीच्या मागाला हात लावू द्यायचे नाहीत. पण जुना का असेना, तो माग खरा होता, धागा खरा होता. इथं तर सगळंच खोटं, नाही का?

---

भुईकोट

ताई, राग कसला, नेमकं विचारलंत. तुमच्या वडिलांनी त्याला गाठ बांधायला शिकवलं, चादर विणायला नंतर. सिम्युलेटरवर पण गाठच शिकायची असते. डोळा पडद्यावर ठेवून हाताला बरोबर दिशा देणं, एवढंच. हात सरकवणं, कलवणं, फिरवणं आणि दाबणं या चार वेगळ्या हालचाली आहेत. नवा माणूस चारही एकदम करतो आणि चित्र हरवून बसतो. ते वेगळं करणं एकदा अंगवळणी पडलं की खऱ्या बाईसमोर त्याचं डोकं तिच्याकडे लक्ष द्यायला मोकळं राहतं. माझं त्या दिवशी मोकळं नव्हतं.

मुलीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीची तारीख घेतलीय ना? अठरा ते बावीस आठवड्यांत करून घ्या, लांबवू नका.

---

तिरपा_छेद

मी रेडिओलॉजिस्ट. विषयाला पाठिंबा आहे, पण उत्साहाच्या भरात काही गोष्टी सुटू नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पुरावा. कोपनहेगनच्या टोल्सगार्ड आणि सहकाऱ्यांनी नव्या डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटानं आधी सिम्युलेटरवर ठरावीक पातळी गाठली आणि मग रुग्ण तपासायला सुरुवात केली, दुसऱ्या गटानं थेट रुग्णांपासून. दोन महिन्यांनी खऱ्या तपासण्यांना गुण दिले तेव्हा सिम्युलेटरवाले पुढे होते. हा २०१५ चा निष्कर्ष. पुढच्या अभ्यासात त्यांनी रुग्णांच्या बाजूनं पाहिलं. बायकांना त्रास कमी झाला, तीच तपासणी वरिष्ठांनी पुन्हा करायची वेळ कमी आली. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. पण नीट लक्षात घ्या, हे सगळं योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीबद्दल आहे. पाचव्या महिन्यातली व्यंग शोधायची तपासणी ही वेगळी आणि कितीतरी गुंतागुंतीची गोष्ट. तिथं तसंच्या तसं घडेल असं मी धरून चालणार नाही.

दुसरं, पुतळ्यातलं बाळ शहाणं असतं. खरं बाळ पाठ वर करून झोपतं, हात तोंडावर धरतं, नेमकं हृदय बघायचं तेव्हा उलटं फिरतं. आईच्या पोटाची जाडी, आधीच्या सिझेरियनचा व्रण, आतड्यातला वायू, यातलं काहीच रबरात नाही. पुतळ्यावर दहापैकी दहा मिळवलेला माणूस पहिल्या जाड पोटावर हतबल होतो, हे मी स्वतः पाहिलंय.

आता बाजूनं. सिम्युलेटर एक असं काम करतं जे मी पण विद्यार्थ्याला करून देऊ शकत नाही. दुर्मीळ आजार हुकमी दाखवणं. बाळाच्या पाठीचा कणा उघडा असेल तर डोक्याचा आकार पुढून लिंबासारखा होतो आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो. पुस्तकात दोन चित्रं असतात. पण एखाद्या रेसिडेंटला अख्ख्या वर्षात असं एकही बाळ दिसलं नाही असं सहज होतं, आणि मग दोन वर्षांनी स्वतःच्या सेंटरवर पहिलं येतं तेव्हा त्याला ते ओळखूच येत नाही. आपल्याकडे या चुकीची किंमत मोठी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतरही गर्भपाताच्या कायद्यात २४ आठवड्यांची रेषा आहे, त्यापुढं गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. विसाव्या आठवड्यात जे दिसायला हवं होतं ते अठ्ठाविसाव्यात दिसलं, तर त्या कुटुंबाचं काय होतं ते मी माझ्या खोलीत बसून पाहिलंय.

आणि एक, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. सोनोग्राफी सुरक्षित आहे, पण "शिकायचंय म्हणून" कोवळ्या गर्भावर रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावून बसणं बरोबर नाही. पहिल्या तीन महिन्यांत थर्मल इंडेक्स, म्हणजे शरीर किती तापू शकतं ते दाखवणारा यंत्रावरचा आकडा, १ च्या आत आणि वेळ कमीत कमी, हा नियमच आहे. पुतळ्यावर दोन तास बसा, कुणाचं काही तापत नाही.

---

मोहोळकर

डॉक्टर लोकांचं चाललंय त्यात मी बोलावं का नको कळंना, पण आमच्यावर जे बितलं ते सांगतो.

बायकोला साडेचार-पाच महिने झालते. एका ठिकाणी सोनोग्राफी केली, नाव घेत नाही. तिथं एक नवीन डॉक्टर हुते. आधी तिला पाणी पी पी म्हणून तांब्यावर तांब्या पाजला, दीड तास बसवलं, बिचारी कळवळत हुती. मग तपासून म्हणले वार एकदम खाली हाय, तोंडावर आलीया, कधीबी रक्त जाऊ शकतंय, हालायचं नाही. आमची झोप उडाली. आई रडाया लागली. मी कामावरनं सुट्टी काढून पंधरा दिवस घरात. शेवटी सोलापुरात दुसऱ्या डॉक्टरनी लघवी करून ये म्हणले, परत बघितलं, म्हणले वार चांगली वर हाय, काय झालं नाही. पोरगी आता तीन वर्षाची हाय.

ते नवीन डॉक्टर वाईट नव्हते हो. समजावून सांगत हुते. त्यास्नीच माहीत नव्हतं.

---

तिरपा_छेद

मोहोळकर, बरं झालं लिहिलंत. झालं काय ते सांगतो. मूत्राशय जास्त भरलं की ते गर्भाशयाचा खालचा भाग समोरून दाबतं. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटतात आणि गर्भाशयाचं तोंड आहे त्यापेक्षा वर असल्यासारखं दिसतं. मग वर असलेली वार तोंडाशी आल्याचा भास होतो. उपाय तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी केला तोच, लघवी करायला पाठवायचं आणि पुन्हा बघायचं. शंका उरली तर योनीमार्गातून बघून तोंडापासून वारेचं अंतर मोजायचं. आणि विसाव्या आठवड्यात खरंच खाली असलेली वारही बहुतेक वेळा गर्भाशय वाढतं तशी वर सरकते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला परत बोलवायचं असतं, पंधरा दिवस घाबरवून ठेवायचं नसतं.

चांगल्या सिम्युलेटरमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या मूत्राशयाची जोडचित्रं असतात. एकदा डोळ्यानं फरक पाहिलेला माणूस आयुष्यभर ती चूक करत नाही.

---

सीना_काठ

मला हे सगळं पटत नाही, स्पष्टच लिहितो. लाखो रुपयांची यंत्रं पुतळ्यावर सराव करायला आणायची आणि इकडे करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोटच्या खेड्यातल्या बाईला खरी सोनोग्राफी करायला कितीतरी किलोमीटर लांब यावं लागतं. एसटीचे हाल, उन्हाळ्यात बेचाळीस डिग्री, पोटात बाळ. आधी तिथं यंत्र पोचवा. पुतळे नंतर.

---

रात्रपाळी

सीना_काठ दादा, मी जिल्ह्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात आहे. एमबीबीएस. तुमचा राग समजतो, पण आमच्याकडची अवस्था सांगतो. आमच्याकडं यंत्र आहे. चालवायला माणूस नाही. आठवड्यातून एक दिवस बाहेरून डॉक्टर येतात. बाकी सहा दिवस यंत्रावर चादर टाकलेली असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तेव्हा व्हरांड्यात गर्दी मावत नाही, आणि ९ तारीख सोनोग्राफीच्या वाराला आलीच पाहिजे असं काही नसतं. मी त्या बायकांना चिठ्ठी लिहून सोलापूरला पाठवतो. किती जणी पोचतात ते मला कधीच कळत नाही.

कायद्यानं माझ्यासारख्याला सोनोग्राफी करायची तर २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. मी ते केलंय, नुकतंच संपलं. तिथं शिकवणारे चांगले होते, पण एका यंत्रामागं आम्ही सात-आठ जण. रुग्ण बाहेर ताटकळत. सरांनी छेद काढून गोठवायचा आणि आम्ही मापाचे दोन ठिपके ठेवायचे, असं बऱ्याचदा. प्रोब पूर्ण माझ्या हातात असण्याचे तास मोजले तर ३०० च्या जवळपास पण जाणार नाहीत. ठिपके ठेवायला मी चांगला शिकलो. छेद शोधायला नाही. आणि खरं काम छेद शोधण्याचंच आहे, हे भुईकोट मॅडमनी लिहिलंय तेच.

आता परवाना हातात आहे आणि मला भीती वाटते. ती भीती खऱ्या बाईवर घालवायची नाहीये.

---

सीना_काठ

डॉक्टर, तुमचं वाचलं. यंत्रावर चादर टाकलेली असते हे मला माहीत नव्हतं. गावोगाव यंत्र पोचवा हे माझं म्हणणं कायम आहे, पण मग त्यामागं उभा राहणारा हात पण लागेल, हे कबूल.

---

भुईकोट

रात्रपाळी, भीती वाटते म्हणता ते चांगलं लक्षण आहे. मला त्या वयात वाटली नव्हती. एखाद्या रविवारी माझ्याकडे या.

तिरपा_छेद सर, तुमचे दोन्ही आक्षेप मान्य. मी सिम्युलेटरला खऱ्या तपासणीची जागा देत नाहीये, त्याच्या अलीकडची पायरी म्हणतेय. आणि तासांचा हिशेब लावण्यापेक्षा पातळी ठरवावी असं मला तिथं जाणवलं. अमुक तास बसलात म्हणून पास, असं नको. डोक्याचा छेद घेतला तर मधली रेषा अखंड नको, पुढच्या बाजूला ती छोट्या चौकोनी पोकळीनं तुटलेली दिसली पाहिजे, मेंदूच्या मधले दोन्ही थॅलॅमस दिसले पाहिजेत, लहान मेंदू दिसता कामा नये. मांडीचं हाड घेतलं तर ते ध्वनिलहरींना आडवं हवं, दोन्ही टोकं स्वच्छ. हे लागोपाठ दहा वेळा जमलं की पुढं. एखाद्याला चार तासांत जमेल, एखाद्याला चौदा. स्त्रीरोग-प्रसूतीतल्या सोनोग्राफीची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयसुओग, पाचव्या महिन्याच्या तपासणीसाठी वीस अधिक दोन छेदांची ठरलेली मालिका शिकवते. तीच घ्यावी आणि एकेक छेद पक्का करत जावा.

अडचण उरते ती पैशाची. मोठी यंत्रं परदेशातली. आपल्या दहा-बारा दवाखान्यांनी वर्गणी काढली तरी जड जाईल. मेडिकल कॉलेजांना २०१९ च्या अभ्यासक्रमापासून कौशल्य प्रयोगशाळा ठेवावीच लागते. त्यांच्याकडे बाळंतपणाचे पुतळे आहेत. सोनोग्राफीचा पुतळा घ्यायला आणि तो बाहेरच्या डॉक्टरांना रविवारी खुला करायला विनंती करता येईल. पण तोवर हात बांधून बसायचं का?

---

हातमाग

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. वैद्यकीय यंत्रांची दुरुस्ती करतो, नवी पेठेत छोटं वर्कशॉप आहे. संगणकवालं सिम्युलेटर घरी होणार नाही, पण दुसरी जात आहे ती होईल. फॅंटम. म्हणजे मांसासारखा ठोकळा, आत ओळखीच्या वस्तू, वर खरं सोनोग्राफी यंत्र. जपानच्या क्योतो कागाकूचं तेवीस आठवड्यांच्या बाळाचं फॅंटम मी एका प्रदर्शनात हाताळलंय, फार सुंदर काम आहे. तसं आपल्याला जमणार नाही. पण मापं आणि हात बसवायला घरगुती ठोकळा पुरतो.

लिटरभर गरम पाण्यात ऐंशी ते शंभर ग्रॅम जिलेटिन आणि तीन-चार चमचे इसबगोल. इसबगोल नसेल तर ठोकळा पडद्यावर कोरा काळा दिसतो, त्याच्या कणांमुळे मांसासारखी राखाडी झाक येते. सावकाश ढवळायचं, फेस आला तर काढून टाकायचा, कारण हवेचा एक बुडबुडा मागचं सगळं झाकतो. रात्रभर फ्रिजमध्ये. आत पाणी भरून गाठ मारलेलं हातमोज्याचं बोट ठेवलं की गर्भपिशवी. पाणी भरलेला छोटा फुगा म्हणजे डोकं. फुगा आत घालण्याआधी व्हर्निअरनं मोजून ठेवायचा आणि मग सोनोग्राफीत किती येतं ते ताडून बघायचं.

इथं एक गंमतशीर गोष्ट कळली. आमचा फुगा खोलीच्या दिशेनं नेहमी थोडा लांब यायचा. मी यंत्रच बिघडलंय समजून उघडायला निघालो होतो. मग लक्षात आलं, यंत्र आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून अंतर काढतं, आणि साध्या पाण्यात तो त्याहून कमी. प्रतिध्वनी उशिरा पोचतो, यंत्राला वाटतं वस्तू लांब आहे. विद्यार्थ्याला हे स्वतःच्या डोळ्यानं सापडलं तर माप म्हणजे काय हे त्याला कायमचं कळेल.

सोलापुरासाठी मात्र एक बदल. एप्रिलमध्ये जिलेटिनचा ठोकळा टेबलावर ठेवला आणि अर्ध्या तासात त्याचं सूप झालं. तेव्हापासून मी आगर वापरतो, आपलं चायना ग्रास. गरमीत टिकतं. ठिसूळ असतं, जोरानं दाबलं तर चिरतं. ते पण एका अर्थी बरंच आहे, चीर पडली की दाब जास्त झाला.

---

तिरपा_छेद

फुग्याची गोष्ट मी उद्याच विद्यार्थ्यांना सांगणार.

एक काळजी मात्र सगळ्यांनी घ्यायची. फॅंटमला खरं यंत्र लागतं, आणि खरं यंत्र आलं की पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा, आला. यंत्र जिथं नोंदलंय तिथंच वापरायचं, सरावासाठी म्हणून गाडीत घालून हॉलवर न्यायचं नाही. ठोकळा यंत्राकडे जाईल, यंत्र ठोकळ्याकडे नाही. आणि सुरू करण्याआधी त्या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: कुठं, कधी, कोण येणार, कुठल्याही गर्भवतीची तपासणी होणार नाही. आपल्या राज्यानं या विषयावरचा पहिला कायदा १९८८ मध्ये केला, देशाचा कायदा १९९४ चा. तो ज्या कारणानं आला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्याशी थोडीसुद्धा सैल वागणूक नको.

रविवारी दुपारी माझं सेंटर बंद असतं. यंत्र माझं, जागा माझी. पत्र मी लिहितो.

---

रात्रपाळी

सर, मी येतो. माझ्या बॅचचे अजून दोघं आहेत, एक बार्शीला, एक सांगोल्याला. त्यांना पण विचारतो.

---

इनचार्ज_सिस्टर

मी लेबर रूमला एकतीस वर्षं काढली, आता घरी असते. नात मला हे वाचून दाखवते आणि मी सांगते ते टाईप करते.

भुईकोट मॅडम, तुमच्या त्या बाईला कुशीवर वळवणारी सिस्टर मी नव्हते, पण असं मी कितीतरी जणींना वळवलंय. तुम्ही लिहिलंत याचं बरं वाटलं. बहुतेक डॉक्टर विसरतात.

तुम्ही सगळे हाताचं बोलताय. तोंडाचं कुणी बोललं नाही. आपल्याकडं टेबलावर येणाऱ्या कितीतरी बायका मराठीत विचार करत नाहीत. शहराच्या पूर्वभागातली तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची कन्नड. ती घाबरली की तिला तिचीच भाषा आठवते. डॉक्टर पडद्याकडं बघून "हं" म्हणतात आणि कपाळाला आठी घालतात. डॉक्टरांना छेद मिळत नसतो म्हणून आठी असते, बाईला वाटतं बाळाला काहीतरी झालं. मी बायकांना त्या आठीवरून रडताना पाहिलंय. गार जेल सांगितल्याशिवाय ओततात. लुगडं किती खाली करायचं ते सांगत नाहीत, स्वतःच ओढतात. दार उघडं, बाहेर मामंजी उभे.

आणि सासू. सासू आत आली की पहिलं विचारणार, काय हाय. डॉक्टर नुसते हसले तरी तिनं अर्थ काढलाच. कायद्यात लिहिलंय ना, शब्दानं, खुणेनं, कशानंच सांगायचं नाही. नव्या पोरांना खूण न करता गप्प कसं बसायचं हेच येत नाही, ती गडबडतात. ते पण शिकवायला पाहिजे.

तर माझं असं म्हणणं आहे. तुमचा तो ठोकळा टेबलाच्या कडेला ठेवा आणि मी टेबलावर झोपते. ठोकळ्यावर चादर टाका, माझं पोट म्हणून. डॉक्टरांनी ठोकळ्यावर प्रोब फिरवायचा आणि बोलायचं माझ्याशी. मी पेशंट.

---

भुईकोट

सिस्टर, तिथं दोन दिवसांत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. पुतळा होता, गुण होते, बाई नव्हती. तुम्ही याच.

तिरपा_छेद सर, रविवारी तीन वाजता ठरवू या, पत्राला उत्तर आल्यावर. हातमाग, आगरचे दोन ठोकळे लागतील, एक चिरला तर दुसरा असावा. पहिल्या दिवशी फक्त दोनच गोष्टी: फुग्याचं माप, आणि दाब न वाढवता हात कलवणं. पाचपेक्षा जास्त जण नकोत, प्रत्येकाच्या हातात प्रोब पाऊण तास तरी राहिला पाहिजे.

---

शेंगाचटणी

सिस्टरबाई, सासूचं काम मी करू का? मला सवय आहे, तीन जावा होत्या घरात. आणि माझ्या मुलीच्या सोनोग्राफीच्या आधी मला पण बघायचंय डॉक्टर कसं शिकतात ते.

---

इनचार्ज_सिस्टर

या की. तुम्ही आत आलात की सारखं विचारत राहायचं, थांबायचं नाही.

डॉक्टर पोरांनो, मी काय करणार ते आधीच सांगून ठेवते. पहिल्या पाच मिनिटांत मी काही बोलणार नाही, नुसती पडद्याकडं बघणार. मग तुमच्या कपाळाला आठी दिसली की विचारणार, "बिड्ड मंचिगा उंदा?" उत्तर दिलं नाही तर कन्नडात विचारणार, "कूसु ह्यांग ऐति?" पहिल्याचा अर्थ बाळ बरं आहे का, दुसऱ्याचा बाळ कसं आहे. तेलुगू-कन्नड येत नसलं तरी चालेल, माझ्याकडं बघून बोललात तरी मला कळेल. आणि वीस मिनिटं झाली की मी गप्प होणार आणि डोळे मिटणार. तेव्हा प्रोब बाजूला ठेवून मला डाव्या कुशीवर कोण वळवतंय ते बघायचंय मला.